प्रज्ञेला हवा पारखी

दरवर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन साजरा होतो. शाळाशाळांतून श्रीनिवास रामानुजन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, फलकावर त्यांचे अल्पचरित्र लिहिले जाते आणि 'तुमच्यातूनही रामानुजन घडावेत' असा आशीर्वाद देऊन प्रमुख पाहुणे निघून जातात. त्याच फलकाशेजारी घटक चाचणीच्या गुणानुक्रमाची यादी लावलेली असते. या दोन कागदांमधील विसंगती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शालेय वयात बक्षिसे मिळवणारे रामानुजन महाविद्यालयात गेले आणि गणिताने असे झपाटले, की इतर विषयांकडे त्यांचे लक्षच राहिले नाही. कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयातील शिष्यवृत्ती त्यांनी गमावली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण एफ. ए.ची परीक्षा त्यांना कधीच उत्तीर्ण होता आली नाही. परीक्षापद्धतीच्या हिशेबाने या तरुणाची कथा तेथेच संपली होती. ती संपली नाही, याचे श्रेय कोणत्याही परीक्षेचे नाही. ते एका वहीचे आणि ती वही वाचू शकणाऱ्या मोजक्या माणसांचे आहे.

नोकरीच्या शोधात असलेले रामानुजन व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी होते, पण त्याचबरोबर १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे संस्थापकही होते. या परिषदेचे ग्रंथालय दीर्घकाळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, ही महाराष्ट्रालाही अभिमान वाटावा अशी गोष्ट. अय्यर यांनी तरुणाची गुणपत्रिका मागितली नाही, वही उघडली. वहीतील सूत्रे पाहिल्यावर अशा माणसाला महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवणे त्यांच्या मनास पटेना. त्यांनी त्याला गणित जाणणाऱ्यांकडे धाडले. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही काळ स्वतःच्या खिशातून त्याला साहाय्य केले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली, जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र गेले आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. हार्डींच्या आधी रामानुजन यांनी केंब्रिजच्याच दोन नामवंत गणितज्ञांना पत्रे लिहिली होती. त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. म्हणजे वही तीच, सूत्रे तीच. फरक होता तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत आणि त्याने त्या वहीला दिलेल्या वेळेत. असामान्य बुद्धीच्या मुलांचे मूल्यमापन कसे करावे, या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

मोजपट्टी आली कोठून?

बुद्धिमापनाची आधुनिक कसोटी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न बदलणारी राशी आहे, असे बिने यांचे मत नव्हते. ही कसोटी अमेरिकेत पोहोचली आणि तिचा हेतूच पालटला. साहाय्यासाठी निघालेली मोजपट्टी निवडीसाठी वापरली जाऊ लागली. भारतातही स्वातंत्र्यपूर्व काळातच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. आपल्या मुलांची कसोटी आपल्या भाषेत व्हावी, हा त्यामागील आग्रह आजही अनुकरणीय आहे.

अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा उपक्रम आरंभला. निवड मुख्यतः बुद्ध्यंकावर होती. ही मुले पुढे शिकली, सुस्थित झाली, अनेकांनी नाव मिळवले. परंतु त्यांतील एकालाही नोबेल पारितोषिक मिळाले नाही. उलट, चाचणी घेऊन ज्यांना वगळण्यात आले, त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. चाळणी बारीक होती, तरी नेमके हवे ते दाणे निसटले.

याचा अर्थ चाचण्या टाकाऊ आहेत असा नव्हे. वैद्य ज्वर मोजतो तेव्हा तापमापक उपयोगीच असतो. पण केवळ तापमापकावरून रोगाचे निदान करणारा वैद्य कोणी घरी बोलावणार नाही. बुद्धीच्या बाबतीत मात्र आपण एका आकड्यावर मुलाचे भवितव्य ठरवतो आणि त्याला वस्तुनिष्ठता म्हणतो.

७२ सेकंदांची प्रज्ञा

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांना शिष्यवृत्ती परीक्षेचे अप्रूप फार. अनेक घरांत आजोबांचे, वडिलांचे आणि नातवाचे शिष्यवृत्तीचे प्रमाणपत्र एकाच कपाटात सापडेल. खेड्यातील अनेक मुलांना या परीक्षेने आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद आहे. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला नेण्यात आली, तेव्हा ठरलेली रचना पाहावी. एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे आणि वर्तुळ रंगवायचे.

७२ सेकंदांत काय कळते? मुलाला आकडेमोड येते की नाही, आकृत्यांतील संगती दिसते की नाही, सराव पुरेसा झाला आहे की नाही, हे कळते. आणि काय कळत नाही? प्रश्न चुकीचा विचारला आहे, हे ओळखण्याची बुद्धी कळत नाही. एकाच प्रश्नापाशी तीन दिवस रेंगाळण्याची चिकाटी कळत नाही. बंद पडलेला पाण्याचा पंप उघडून त्यातील दोष शोधणारे हात कळत नाहीत. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न समजला नाही की उत्तर आले नाही, हेही कळत नाही. अमेरिकन अभ्यासक जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडले, की असामान्य कर्तृत्व हे सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामावरील निष्ठा या तिन्हींच्या संगमातून येते. आपल्या परीक्षा यांतील पहिल्या घटकाचा एक तुकडा मोजतात आणि उरलेले दोन गृहीत धरतात.

त्यातच शिकवणी वर्गांनी बुद्धिमत्ता चाचणीचाही अभ्यासक्रम करून टाकला. अनोळखी प्रश्नाला मूल कसे सामोरे जाते हे पाहण्यासाठी जी चाचणी जन्मली, तिचे प्रश्न वर्षभर घोटून घेतले जातात. मग मोजले काय जाते? बुद्धी की शिकवणीची फी? ज्या पाड्यावर असा वर्गच नाही, तेथील मुलाचा तीव्र मेंदू या स्पर्धेत आरंभालाच मागे उभा असतो.

खेदाची गोष्ट अशी, की आपल्या देशाला याहून चांगले काही ठाऊक होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या अवघ्या १० होत्या. पुढच्या वर्षी ती देशभर नेण्यात आली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. त्या आरंभीच्या योजनेत लेखी परीक्षेबरोबर वैज्ञानिक विषयावरील निबंध होता, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल होता आणि निवडक विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष मुलाखत होती. १९७६ मध्ये योजनेचा विस्तार झाला, इतर विषय आले, ते योग्यच झाले. पण त्याच वेळी प्रकल्प गळाला. कालांतराने मुलाखतही गेली आणि उरल्या त्या पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिका. योजनेला ३१ मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती आणि ती स्थगित असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. संख्या वाढली तसतसे जे मोजणे सोपे तेवढे ठेवले गेले आणि जे मोजणे मोलाचे ते सोडून दिले गेले.

आपल्याच अंगणातील दीप

अशा वेळी परदेशाकडे डोळे लावण्याआधी आपल्या अंगणात पाहावे. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. उपाख्य अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांना हुडकून त्यांच्या बुद्धीला सामाजिक उत्तरदायित्वाची जोड द्यावी, हा त्यामागील संकल्प होता. १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली. अप्पा स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी चाचणी नाकारली नाही, तिचा पट रुंद केला. बुद्धी एकसंध नसून तिचे अनेक पैलू आहेत, असे प्रतिमान जे. पी. गिल्फर्ड यांनी मांडले होते. त्यावर आधारित चाचण्या प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने भारतीय मुलांसाठी विकसित केल्या. एकच अचूक उत्तर शोधण्याच्या क्षमतेबरोबर एका प्रश्नाची अनेक उत्तरे सुचण्याची क्षमताही त्यांत तपासली जाते. वीट कशाकशासाठी वापरता येईल, या प्रश्नाला 'भिंत बांधण्यासाठी' हे उत्तर चूक नाही. पण जे मूल तेथे थांबत नाही, त्याच्या मनाची घडण काही निराळी असते.

त्याहून महत्त्वाचे हे, की प्रबोधिनीच्या कल्पनेत निवड हा आरंभ होता. सहली, प्रकल्प, ग्रामीण भागातील अभ्यासदौरे, दल यांतून मुलाचे निरीक्षण वर्षानुवर्षे होत राहते. परीक्षागृहात एकट्याने चमकणारा मुलगा डोंगरावरच्या मुक्कामी इतरांचे ओझे उचलतो की नाही, हेही तेथे दिसते. बुद्धी कोणत्या दिशेने वळते आहे, हे पाहणे हाही मूल्यमापनाचाच भाग मानला गेला. निगडीच्या शाखेने तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांच्या कल्पनेवर गुरुकुल उभे केले. अन्नमय कोशापासून आनंदमय कोशापर्यंत मुलाकडे पाहावयाचे ठरवले, तर एका टक्केवारीत त्याला बसवता येत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेतून पुढे गेलेल्यांना प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक द्यावे लागते. त्यानंतर कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत असते. परिसरातील एखादा प्रश्न घेऊन मुलाने स्वतः निरीक्षणे करावीत, नोंदी ठेवाव्यात आणि तज्ज्ञांसमोर त्यांचे समर्थन करावे, अशी अपेक्षा असते. शासनाच्या आदेशावाचून, शिक्षकांनी स्वतःच्या श्रमाने ही रचना उभारली, हे विशेष. आता या स्पर्धेचेही वर्ग निघाले आहेत, हे खरे. परंतु मुलाखतीत तिसरा प्रतिप्रश्न आला, की पाठ केलेले आणि उमजलेले यांतील अंतर अनुभवी परीक्षकाला कळल्यावाचून राहत नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्येही ५० गुणांपैकी २० गुण प्रयोगाला असतात. जगाच्या सर्वोच्च व्यासपीठावर ज्याला एवढा मान आहे, तो हाताने करण्याचा भाग आपल्या नित्याच्या परीक्षांत मात्र पाहुण्यासारखा येतो.

आक्षेपांचा विचार

येथे एक रास्त आक्षेप येतो. वर्तुळ रंगवण्याच्या परीक्षेत निदान वशिला चालत नाही. वही, प्रकल्प, मुलाखत असे काही आले की परीक्षकाचा पूर्वग्रह, संस्थाचालकांचा दबाव, पालकांची प्रतिष्ठा हे सारे मागील दाराने आत शिरते. सफाईदार इंग्रजी बोलणारा मुलगा मुलाखतीत बाजी मारतो आणि बुजरा, ग्रामीण मुलगा मागे राहतो. प्रकल्प तर दुकानात तयार मिळतात, नाही तर आई-वडील रात्र जागवून करून देतात.

हा आक्षेप खोडून काढता येत नाही. त्याची तरतूद करावी लागते. महाराष्ट्राने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. कल्पना उत्तम होती: मुलाकडे वर्षभर पाहा, वर्णनात्मक नोंद करा, केवळ वार्षिक परीक्षेवर विसंबू नका. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय झाले, ते शिक्षकच सांगतील. एका वर्गात साठ-साठ मुले, हाताशी ना प्रशिक्षण ना वेळ. मग तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली आणि 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो' हे वाक्य गावोगावच्या मुलांच्या नावापुढे उमटू लागले. पद्धत बदलली, पाहणारा डोळा बदलला नाही. काप गेले आणि भोके राहिली.

दुसरा धडा परदेशातला आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शिक्षण-जिल्ह्यात विशेष वर्गासाठी मुले शिक्षक आणि पालकांच्या शिफारशीवर पुढे येत. २००५ मध्ये तेथे दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास आरंभ झाला. तेव्हा गरीब आणि अल्पसंख्य समाजांतील अनेक बुद्धिमान मुले प्रथमच उजेडात आली. शिक्षकांनी त्यांना पाहिलेच नव्हते. पुढे खर्चाच्या कारणास्तव ही सार्वत्रिक चाचणी थांबली आणि ती मुलेही पुन्हा दिसेनाशी झाली. अप्रशिक्षित डोळा गरिबाच्या मुलातील तेज पाहू शकत नाही आणि नुसती चाचणी त्या तेजाची जात ओळखू शकत नाही, हा याचा अर्थ. जाळे सर्वांवर टाकावे, त्यासाठी सोपी, भाषेवर फार विसंबून नसलेली चाचणी जरूर वापरावी. पण अंतिम निर्णय मात्र मुलाचे काम पाहून, त्याच्याशी बोलून आणि त्याला काही काळ शिकवून घ्यावा.

शिकवून पाहणे हा तर सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. मुलाला आज काय येते, हे पाहताना त्याच्या घरची परिस्थितीच मोजली जाते. त्याला अनोळखी गोष्ट शिकवावी, थोडा आधार द्यावा आणि मग ते किती वेगाने, किती खोलवर पुढे जाते हे पाहावे. ज्याला आजवर संधीच मिळाली नाही, त्याची खरी झेप येथे दिसते. आपल्या परंपरेतील गुरू वेगळे काय करीत असत? शिष्याला आधी जवळ ठेवून घेत, काम सांगत, प्रश्न विचारू देत आणि मग त्याचा अधिकार ठरवीत.

योजक व्हावे कोणी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दिशेने काही दारे उघडली आहेत. स्वतःचे आणि सहाध्यायांनी केलेले मूल्यमापन ज्यात आहे असे समग्र प्रगती पत्रक त्यात सुचवले आहे. प्रतिभावान मुलांना ओळखण्याच्या पद्धती शिक्षकांच्या प्रशिक्षणात असाव्यात, बी. एड.मध्ये या विषयाचे विशेषीकरण असावे, शाळा आणि शाळासमूहांच्या पातळीवर विषयवार मंडळे असावीत, असेही त्यात म्हटले आहे. मूल्यमापनाचे निकष ठरवण्यासाठी 'परख' हे केंद्रही २०२३ मध्ये स्थापन झाले. धोरण चांगले आहे. पण सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे धोरणही चांगलेच होते. नवे प्रगती पत्रक भरणारा हात जुन्याच घाईत असेल, तर आणखी एक रकाना वाढेल, एवढेच.

यास्तव पहिली गुंतवणूक शिक्षकात हवी. एका शिक्षकाकडे किती मुले असावीत, अशैक्षणिक कामांचा भार किती असावा, हे प्रश्न प्रज्ञाशोधाशी थेट जोडलेले आहेत. ज्याला मुलाची वही उघडून पाहण्यास वेळ नाही, तो रामस्वामी अय्यर कसा होणार? दुसरे, निर्णय एकाच्या हाती असू नये; दोन-तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे काम पाहावे आणि निवडीची कारणे लिहून ठेवावीत. तिसरे, मुलाखत मुलाच्या भाषेत व्हावी. चौथे, प्रकल्प घरी सजवून आणण्याऐवजी शाळेतच, शिक्षकांच्या देखत, साध्या साहित्यातून घडावा. पाचवे, आश्रमशाळेतील मुलाची तुलना पुण्या-मुंबईच्या मुलाशी न करता, तशाच परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांशी व्हावी. यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही.

आणि सारेच शासनाने करावे, असेही नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत निवृत्त अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले हिशेबतज्ज्ञ आहेत, कुशल कारागीर आहेत, वनस्पती ओळखणारे वैदू आहेत. संस्कार वर्ग, अभ्यासिका, वाचनालये चालवणारे कार्यकर्ते आहेत. आठवड्यातून दोन तास एखाद्या जिल्हा परिषद शाळेत बसून मुलांच्या वह्या पाहणे, त्यांचे प्रश्न ऐकणे, ज्याच्या डोळ्यांत काही निराळे चमकले त्याच्या हाती योग्य पुस्तक किंवा हत्यार देणे आणि जाणकाराशी त्याची गाठ घालून देणे, एवढे काम कोणत्याही शासन-निर्णयाची वाट न पाहता होऊ शकते. पालकांनीही आपल्या घरी एक पथ्य पाळावे. 'किती गुण मिळाले' या प्रश्नाआधी 'आज काय शोधलेस' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.

जगात निरुपयोगी असे काही नसते, दुर्मीळ असतो तो त्याचा उपयोग जाणणारा योजक, असे आपले पूर्वज सांगून गेले. भारतात बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता. तिरुक्कोयिलूरच्या त्या उपजिल्हाधिकाऱ्याने दारात आलेल्या बेकार तरुणाची वही न उघडता त्याला परत पाठवले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता आणि देशाने काय गमावले, हे कोणाला कळलेही नसते. आजही अशा वह्या शाळाशाळांतून रद्दीत जात आहेत. येत्या २२ डिसेंबरला प्रतिमेला हार घालण्यापूर्वी शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही एकदा उघडून पाहिली, तर ती रामानुजन यांना खरी आदरांजली ठरेल.